सशाचा आवाज

नर्सिंगच्या ट्रेनिंगपासून सगळे तिला ससा म्हणायचे, आणि त्यात म्हणणाऱ्यांची काही चूक नव्हती. डॉक्टरांनी जरा जोरात हाक मारली की हिच्या हातातलं थर्मामीटर खाली. घरी सासूबाईंचा आवाज चढला की ही स्वयंपाकघरात. मग वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि मेट्रनबाईंनी सर्जरी वॉर्डची इन्चार्ज म्हणून नेमकं या सशालाच उभं केलं.

बढती मिळाल्यावर माणूस खूश होतो. हिची झोपच उडाली. वॉर्डात कोणाच्याही हातून काही चुकलं तर ते आता आपल्या माथी येणार, एवढंच तिला दिसत होतं. इन्चार्ज कसं व्हायचं हे कोणी शिकवलेलं नव्हतं. तिने पाहिल्या होत्या त्या मोठ्या सिस्टर, ज्यांच्या चपला वाजल्या की सगळा वॉर्ड चिडीचूप. मग तिने त्यांचा आवाजच उसना घेतला आणि नवल म्हणजे तो चालला. बाकीच्या सिस्टर टरकल्या.

धोक्याचं औषध भरताना दोघींनी उभं राहायचं, एकीने लेबल मोठ्याने वाचायचं, दुसरीने नीट बघून हो म्हणायचं, अशी वॉर्डाची पद्धत होती. तिने ती मोडीत काढली. दुसरीचा काय भरवसा? "मी भरते. मध्ये कोणी बोलायचं नाही," तिने बजावलं. एकदा तिची मैत्रीण बोलली. ट्रेनिंगपासून एका डब्यात जेवलेली मैत्रीण. तिला तिने पेशंटांसमोर झाप झाप झापलं. त्यानंतर मैत्रीण डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागली.

त्या दुपारी चार नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांची सलाईनची नळी तुंबली होती. ती मोकळी करायला साधं सलाईन सिरिंजमध्ये भरायचं, एवढंच काम. भरायला घेतलं आणि फोन वाजला, मेट्रनबाईंचा. बोलून ती परतली, ट्रेमधली हाताला आली ती अँप्यूल, औषधाची काचेची कुपी, फोडली, सिरिंज भरली आणि नळीला लावली.

"सिस्टर, हळू हं. तुमचा हात म्हणजे छडीच," मास्तर म्हणाले.

शेजारच्या खाटेवर चादर घालत मैत्रीण उभी होती. तिची नजर ट्रेवर गेली, मग सिरिंजवर. तोंड उघडलं आणि मिटलं. चादरीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं.

तो चेहरा इन्चार्जबाईंच्या ओळखीचा होता. डॉक्टरांचं काही चुकतंय असं वाटूनही गप्प राहताना इतकी वर्षं तो तिचा स्वतःचाच होता. अंगठा दांड्यावर होता तसाच थांबला. तिने वळून ट्रेकडे पाहिलं. रिकामी अँप्यूल पोटॅशियमची होती, दुसऱ्या पेशंटसाठी काढून ठेवलेली. सलाईनची आणि ही, दिसायला दोन्ही सारख्याच, पाण्यासारख्या. पण हे बाटलीत मिसळून थेंबाथेंबाने द्यायचं औषध. असं एकदम शिरेत गेलं की हृदय बंद पडतं.

तिने सिरिंज काढली. "मास्तर, नवीन भरून आणते," ती कशीबशी म्हणाली.

आतल्या खोलीत तिने मैत्रिणीला गाठलं. "दिसलं होतं ना तुला? मग बोलली का नाहीस?"

"खात्री नव्हती गं. आणि परत सगळ्यांसमोर..." मैत्रीण रडायलाच लागली. "तू बोलली असतीस मोठ्या सिस्टरांना?"

बोलली नसती. मास्तर गेले असते आणि ती बोलली नसती. हे तिला तिथेच कळलं. इतके दिवस तिला चूक होण्याची भीती वाटत होती. ही भीती वेगळी होती. चूक अडवणारं प्रत्येक तोंड तिने आपल्या हाताने बंद करून ठेवलं होतं.

त्याच पावली ती मेट्रनबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. ड्यूटी बदलताना सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. आवाज उसना नव्हता, त्यामुळे कापत होता. पद्धत पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तिने अँप्यूल उचलून लेबल मोठ्याने वाचलं. समोर मैत्रीण उभी होती. आजूबाजूच्या सिस्टर हातातली कामं सोडून बघत राहिल्या.

"थांब," मैत्रीण म्हणाली. "परत वाच."

लेबल बरोबरच होतं, तिला शंभर टक्के ठाऊक होतं. मोठ्या सिस्टरांचा आवाज तिच्या गळ्यापर्यंत आला. तो तिने गिळला, अँप्यूल उजेडात धरली आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.