पहिलं पान सोडून

पत्नी गेल्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने मला एकच सल्ला दिला: स्वतःला कशात तरी गुंतवून घ्या. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे गुंतवून घ्यायचं म्हणजे वाचायचं, एवढंच मला कळतं. मी वाचत होतो. म्हणजे पुस्तक उघडून बसत होतो आणि दुपारी उठताना पाहत होतो, की पान सकाळचंच आहे.

अशात तिच्या कॉलेजातून प्राचार्यांचा फोन आला. एरंडोल सोडल्यावर आत वळणाऱ्या रस्त्यावर ते छोटंसं कॉलेज आहे. ती तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायची. मी धुळ्याला शिकवत होतो. घर एरंडोलला. सकाळी दोघं एकाच स्टँडवरून दोन दिशांना जायचो. प्रयोगशाळेला लागून तिने एक खोली बळकावली होती. विद्यार्थ्यांनी केलेला प्रत्येक प्रकल्प ती तिथे जपून ठेवायची, आणि प्रकल्पच कशाला, स्नेहसंमेलनाचे फोटो, रांगोळी स्पर्धेचे फोटो, साडी डेच्या दिवशी पिना टोचून रडवेल्या झालेल्या मुलींचे फोटो, भित्तिपत्रकं, हिवाळी शिबिराचं बॅनर, फिशपाँडच्या चिठ्ठ्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. कॉलेजात त्या खोलीला ‘संग्रह’ म्हणत. घरी मी तिला ‘तुझं भंगार’ म्हणायचो.

“सर, खोली अभ्यासिकेला द्यावी लागतेय,” प्राचार्य म्हणाले. “स्पर्धा परीक्षेची मुलं व्हरांड्यात बसतात. फोटो, चिठ्ठ्या वगैरे आम्ही ग्रंथालयात हलवतो. पण प्रकल्प फार आहेत. त्यांना एक कपाट देऊ शकतो. मॅडमच्या आठवणीसाठी. त्यात काय ठेवायचं ते तुम्हीच निवडा. बाकीचं शनिवारी टेम्पो नेईल.”

एक कपाट. तिची सगळी नोकरी, आणि एक लोखंडी कपाट. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर जरा हुरूपच आला, हे कबूल करतो. निवड करणं हे माझं काम होतं. वार्षिकांकासाठी मी वर्षानुवर्षं मुलांचं लेखन निवडलं होतं. आता तिच्यासाठी निवडायचं होतं, आणि त्या कपाटात जे जाईल ते उत्तमच असलं पाहिजे, असं मी ठरवलं.

सोमवारी कामाला लागलो. खोलीत डांबरगोळ्यांचा आणि उंदरांचा असे दोन वास होते, आणि उंदरांचा वरचढ होता. त्याला कारण तीच. मुलांनी नुसतं लिहून आणलेलं तिला चालायचं नाही. वस्तू चिकटवून आणायची. त्यामुळे प्रकल्पांत दादर ज्वारीचे दाणे होते, कापसाची बोंडं होती, करपा पडलेल्या केळीच्या पानाचे तुकडे होते. या संग्रहाचा सर्वांत चिकाटीने उपयोग उंदरांनीच केला होता.

ऑफिसातले एक जुने कारकून मला मदतीला दिले होते. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागलो. ते स्टुलावर बसून गठ्ठे सोडायचे, मी पहिलं पान वाचायचो आणि सांगायचो: कपाट किंवा टेम्पो. पहिल्या पानावरून लिहिणारा कळतो, असं मी वर्गात कायम सांगत आलो होतो.

“सर, तुम्ही पूर्ण वाचत नाही?” नानांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“भात शिजला का ते एका शितावरून कळतं, नाना.”

“आमच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते, तिला शीत नसतं,” नाना म्हणाले आणि पुढचा गठ्ठा सोडू लागले.

कितीतरी पहिली पानं वाचवत नव्हती. एका मुलाने थेट सुरू केलं होतं: ‘आमच्या इथे मुंग्या खूप.’ टेम्पो. एकीने लिहिलं होतं: ‘आमच्या वावरात निंदताना मामी गवताची जी नावं घेते ती मी लिहिली आहेत. काही नावं तिला आठवली नाहीत तर तिने शेजारणीला विचारली.’ पुढे केना, कुंदा, तरोटा, घोळ अशी यादी, प्रत्येकाशेजारी वाळलेलं रोपटं चिकटवलेलं. शुद्धलेखनाच्या चुका इतक्या होत्या, की मी सवयीने पेन्सिल काढून त्या पानावर दुरुस्त केल्या आणि मग टेम्पोच्या ढिगात टाकलं. टाकायचंच होतं तर दुरुस्त कशाला केलं, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

पण मधूनच एखादा हिरा निघायचा. एका केळीवरच्या प्रकल्पाची सुरुवात अशी होती: ‘तापी-गिरणेच्या पाण्याने न्हालेल्या या काळ्याभोर भूमीच्या कुशीत केळीने युगानुयुगे मानवाला मूक साथ दिली आहे.’ मी खुर्चीत सरळ झालो. काय लय होती! एवढ्याशा कॉलेजात, एखाद्या शेतकऱ्याच्या पोराने लिहिलेलं! मी ते नानांना मोठ्याने वाचून दाखवलं.

“चांगलं शे,” नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, तेही भारावले.

त्यानंतर तसे आणखी निघाले. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या अक्षरांतले. कापसाने मूक साथ दिली होती, कडुनिंबाने दिली होती, गांडुळांनी दिली होती. एकमेकांचं पाहून लिहिलेलं आहे एवढं मलाही कळलं, पण मी त्यातून एक सिद्धांत काढला. मूळ लिहिणारा कोणीतरी मोठ्या ताकदीचा विद्यार्थी असणार आणि त्याची शैली पुढच्या पिढ्यांनी उचलली असणार. परंपरा अशीच तयार होते! गुरांच्या गोचिडांवरच्या एका प्रकल्पात ‘गोचिडांनी युगानुयुगे मानवाला मूक साथ दिली आहे’ असं होतं, तेव्हा मला वाटलं, हा मुलगा उपरोधिक आहे. कपाटात.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत कपाट भरलं. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. तिला दाखवता आलं असतं तर, असं वाटलं. बघ, तुझ्या भंगारातून मी काय काढलंय.

शनिवारी सकाळी विभागप्रमुख बाई आल्या. पत्नीची ही जुनी विद्यार्थिनी, शिंदखेड्याकडची. मामाकडे राहून इथे शिकली, इथेच लागली, आणि आता पत्नीच्या जागेवर आहे. आठवडाभर परीक्षेच्या कामासाठी जळगावला होती. आल्या आल्या ती कपाटाकडे गेली आणि प्रकल्प काढून पाहू लागली. एक, दुसरा, तिसरा. मग ती हसू लागली. आधी दाबून, मग दाबता येईना तेव्हा गठ्ठ्यावर बसून.

“सर, हे तुम्ही निवडलंत?”

“का? उत्तम आहेत.”

“उत्तम असणारच. तुमचंच आहे.”

मला कळलं नाही. तिने नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर पाहत होते.

“तुम्ही मॅडमना नमुना प्रस्तावना लिहून दिली होती ना? मॅडम नव्या लागल्या होत्या तेव्हा. मुलांना सुरुवात कशी करायची ते कळत नाही म्हणून. ती फलकावर लावली होती. दर वर्षी मुलं उतरवून घ्यायची. फलक बदलला, तरी मुलं जुन्या प्रकल्पातून घ्यायची.”

आणि मग आठवलं. लग्नाचं पहिलं वर्ष, दुपार, ती चहा घेऊन मागे उभी आणि मी तिच्यावर छाप पाडायची म्हणून लिहितोय. तापी. गिरणा. काळीभोर भूमी. तिने वाचून ‘अगदी तुमच्यासारखं आहे’ म्हटलं होतं. मी ते कौतुक समजलो होतो.

“नाना, तुम्हाला माहीत होतं?”

“बठ्ठ्या कॉलेजले माहीत शे, सर,” नाना म्हणाले आणि लगेच सावरून घेतलं. “तुम्ही इतक्या आनंदात वाचत होता. म्हटलं, कशाला.”

“संमेलनात फिशपाँडसुद्धा पडला होता मॅडमवर,” बाई म्हणाल्या. “‘प्रकल्पाला काय लागतं? मॅडमचा धाक आणि मिस्टरांची प्रस्तावना.’ मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. घरी नाही सांगितलं?”

घरी नाही सांगितलं. इतकी वर्षं मी त्या कॉलेजात विनोद म्हणून प्रसिद्ध होतो आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यातलं अक्षर आलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून, की तिला ते एकटीनेच पुरवून पुरवून हसायचं होतं म्हणून? हे आता विचारता येत नाही. दुःखाच्या इतक्या प्रकारांची मी तयारी केली होती, पण एका जुन्या विनोदाबद्दल तिला गाठून जाब विचारता येत नाही, याची नव्हती.

“प्रकल्प तपासताना मॅडम काय म्हणायच्या सांगू?” बाई म्हणाल्या. “‘पहिलं पान सरांचं झालं, आता तुझं दाखव.’ आणि पान उलटायच्या.”

मी आठवडाभर एकही पान उलटलं नव्हतं.

तेवढ्यात बाईंचं लक्ष टेम्पोच्या ढिगाकडे गेलं. वरच ते गवतांच्या नावांचं होतं. तिने उचललं. उघडलं. चिकटवलेल्या रोपट्यावरून बोट फिरवलं.

“यात प्रस्तावना नाही,” मी चाचरत म्हणालो. “म्हणून...”

“ज्या दिवशी सगळ्यांनी उतरवून घेतली त्या दिवशी मी मामीबरोबर निंदायला गेले होते,” ती म्हणाली. “हा माझा आहे, सर.”

मग तिला माझ्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या.

“आणि तुम्ही तपासलाय पण!”

जमिनीत गडप व्हायची सोय त्या खोलीत नव्हती, फरशी होती. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी नानांना म्हणालो, “नाना, त्याला थांबवा. काहीही सांगा.” नाना व्हरांड्यात जाऊन ओरडले, “भाऊ, जरा दम धर! सर पहिल्यापासून वाची राह्यनात!”

दुपारभर आम्ही तिघं खाली बसून वाचत होतो, पहिलं पान सोडून. मुंग्यांच्या मुलाने कोणत्या मुंग्या केळीच्या घडावर चढतात आणि कोणत्या नाही, हे आजोबांसोबत बसून पाहिलं होतं. तो कपाटात गेला. केळीचा माझा हिरा आत पूर्ण रिकामा निघाला, पुस्तकातून उतरवलेला. टेम्पो. गोचिडांचं पान मी घाईने ढिगाकडे सरकवलं, तर बाईंनी हात धरला.

“आत वाचा.”

आत त्या मुलाने घरच्या आणि शेजारच्या गुरांच्या गोचिडा वेचून, कान, गळा, कास असं जागेवार मोजून लिहून ठेवलं होतं, आणि आईने लावलेल्या करंजाच्या तेलानंतर किती उरल्या तेही. मुलगा उपरोधिक नव्हता. पहिलं पान उरकून कामाला लागला होता. तो कपाटात राहिला, माझ्या वाक्यासकट. ते कापून काढू का, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, “राहू द्या. मॅडमनी नाही काढलं.”

गवतांची नावं तिने स्वतः मधल्या खणात ठेवली. पेन्सिल पुसायला मी खोडरबर शोधून काढलं. तिने ते माझ्या हातून घेतलं.

टेम्पोवाला वाट पाहून वैतागला होता. तो गेल्यावर नाना कोरा कागद घेऊन आले. “सर, कपाटावर लावायला दोन ओळी लिहून द्या. तुमचं मराठी चांगलं शे.”

मी लिहायला बसलो. हात सवयीने वळला: ‘ज्ञानाच्या या...’ मी तो कागद चुरगाळला. दुसरा घेतला. मग लिहिलं: ‘विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून लिहिलेलं. किल्ली विभागात मिळेल.’

बाईंनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“सर, तब्येत बरी आहे ना?”