केजन नाचात एक प्रश्न घेऊन

हॅमिल्टनहून निघालो तेव्हा सुहासने गाडीतली सीडी एवढ्या मोठ्याने लावली की बोलायची सोयच राहिली नाही. ही त्याची युक्ती मला चांगली ठाऊक होती. लहानपणी अभ्यासाचा विषय निघाला की तो नळ सोडून हात धूत बसायचा.

न्यूझीलंडला मी डोंगर, गाई आणि गरम पाण्याची कुंडं बघायला चालले आहे, असं शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं, पण खरं काम एकच होतं. माझा धाकटा भाऊ सुहास इथे हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तो साताऱ्याला परत येऊन बाबांचा दवाखाना चालवणार आहे की नाही, एवढं विचारून यायचं. इंजेक्शन देताना बाबांचा हात आता थरथरतो. तरी दवाखाना दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ते तयार नाहीत, कारण सुहास येणार. बुधवारी माझं परतीचं विमान होतं आणि रविवार उजाडला तरी प्रश्न माझ्या तोंडातच होता. मला मुळात एका जागी बसवत नाही, त्यात हे ओझं. गाडीत मी पर्सची चेन उघडझाप करत बसले होते.

वाटेत वायकाटो नदी बराच वेळ सोबत करते. पाणी संथ, काठावर वाकलेली झाडं, पलीकडे हिरव्या टेकड्यांवर गाई. पुढे एका चढावर चक्क ‘बॉम्बे’ अशी पाटी दिसली. इथे शेतं आहेत आणि त्यात कांदे-बटाटे पिकतात. मी सीडी बंद केली.

“सुह्या, जरा बोलायचंय.”

“ताई, आधी ऑकलंड येऊ दे. ट्रॅफिक हीप्स असतं इथे.”

हीप्स म्हणजे ढीगभर. रस्त्यावर आमच्यापुढे मागच्या डब्यात घोडे घेऊन चाललेली एक जीप, बाकी कुणी नव्हतं.

ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किलला एका डेअरीवर (म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, दूधही मिळतं आणि छत्रीही) थांबून त्याने पाण्याच्या बाटल्या घेतल्या. “लागतील,” म्हणाला. “घाम निघतो.” आपण नाच बघायला चाललोय एवढंच मला माहीत होतं. बघताना कसला घाम?

हॉल साधाच, लाकडी जमिनीचा, शाळेच्या सभागृहासारखा. रविवारची दुपार, खिडक्यांतून ऊन आत आलेलं. स्टेजवर चौघं: एक फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक गिटार, एक छोटा पेटीसारखा अकॉर्डियन आणि एक बाई लोखंडी त्रिकोण वाजवणारी. केजन म्हणजे अमेरिकेत लुइझियानाच्या पाणथळ भागात राहणारे फ्रेंच बोलणारे लोक. त्यांचं हे संगीत. वाजवणाऱ्यांतलं तिकडचं मात्र कुणीच नव्हतं. अकॉर्डियनवाला पेनरोज उपनगरातल्या एका कारखान्यात वेल्डर होता आणि गाण्यातले फ्रेंच शब्द त्याने ऐकून ऐकून पाठ केले होते. गात मात्र असा होता की पर्सच्या चेनवरची माझी बोटं थांबली. दोन प्रकारची गाणी आलटून पालटून येत. एक आपल्या केरव्यासारखं पळणारं, दुसरं दादऱ्यासारखं झुलणारं, त्याला वॉल्ट्झ म्हणतात.

मी सुहासच्या शेजारी खुर्ची ओढली. “हे बघ, बाबा—”

“किया ओरा!” पुढे एक दणकट माओरी गृहस्थ हात पुढे करून उभे. (हा माओरींचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा नमस्कार.) नाव रंगी. इथला रिवाज असा की नाचायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, आणि एका गाण्यानंतर जोडीदार बदलायचा. पंजाबी ड्रेस आणि चालायचे बूट घातलेली, पन्नाशी उलटलेली मी, साताऱ्याची मराठीची शिक्षिका, परपुरुषाच्या खांद्यावर हात ठेवून हॉलभर फिरले. रंगी पुढे, मी पाठमोरी. कुठल्या दिशेने चाललोय ते कळायला मला पाठीला डोळे नव्हते.

परत आले. “तर बाबा म्हणत होते—” तोवर मॉरीन नावाच्या निवृत्त बसचालक बाईंनी सुहासला उचललं. इथे बायकाही बोलावतात. पुढच्या गाण्याला मला कुणीतरी नेलं. मी वाक्य सुरू करायचे आणि अकॉर्डियन ते तोडायचा. वैतागले होते, आणि खोटं कशाला सांगू, मजाही येत होती.

मध्यंतरात गंबो मिळालं. भातावर कोंबडी आणि भेंडीचा दाट रस्सा. आपण भेंडीची तार घालवायला चिंच-आमसूल टाकतो, जीव काढतो. ही माणसं त्या तारेसाठीच भेंडी घालतात. मी दोनदा घेतलं. सुहास वाडगा हातात घेऊन लोकांत फिरत होता. कुणाचा गुडघा विचारत होता, कुणाच्या नातवाचा खोकला. घरी एका शब्दाला महाग असणारा माझा भाऊ इथे मोठमोठ्याने हसत होता. मला राग आला. हे हसणं आमच्या वाट्याला का नाही?

मग अकॉर्डियनवाल्याने शेवटचा वॉल्ट्झ जाहीर केला. तो ज्याच्याबरोबर आलात त्याच्याबरोबरच नाचायचा. आता सुहास माझ्या तावडीत होता.

त्याचा हात धरला आणि निघाले. त्याला हाताला धरून शाळेत मीच न्यायचे, त्यामुळे पुढे कोण हा प्रश्नच आला नाही. मधली जागा उजव्या हाताला ठेवून मी सरळ प्रदक्षिणा सुरू केली. आयुष्यभर दुसरं काय केलंय! चार पावलांत रंगी आणि त्यांच्या बायकोवर आदळलो, ती दोघं मॉरीनवर, मॉरीन आणखी कुणावर. सगळा हॉल उलटा फिरत होता आणि मी एकटी देवळात. रांगच्या रांग अडकली. लोक हसत सुटले, “स्वीट ॲज, स्वीट ॲज,” (म्हणजे काही बिघडलं नाही) म्हणत एकमेकांना सावरू लागले. बँड वाजतच राहिला.

त्या गर्दीत आम्हाला ना पुढे जाता येईना ना मागे. सुहासही हसत होता. हसता हसता थांबला.

“ताई, मी नाही येणार गं.”

मी त्याचा हात आणखी घट्ट धरला.

“इथे मला बरं वाटतं. तिथे मी फक्त बाबांचा मुलगा असतो. दोन वर्षं सांगायचं म्हणतोय, तोंड उघडत नाही.”

“मला नको सांगूस,” मी म्हटलं. “त्यांना सांग. ते वाट बघतायत. आजच सांग.”

हॉलच्या पायरीवर उभं राहून त्याने फोनकार्डावरचा नंबर दाबला. साताऱ्यात सकाळ होती. तो एका दमात बोलला आणि मग फोन कानाला धरून खाली बसला. फोन ठेवल्यावर म्हणाला, “बाबा म्हणाले, बरं. ताईला नीट विमानात बसवून दे.”

परतीच्या वाटेवर सीडी लावली नाही.

साताऱ्याला पोचले. मैत्रिणींना डोंगर, गाई, गरम पाण्याची कुंडं सगळं रंगवून सांगितलं. नाचाचं सांगताना हसून हसून पुरेवाट झाली. बाबांनी मात्र काही विचारलं नाही. मला त्यांच्यासमोर बसवेना, घरातही थांबवेना. वाटायचं, बरा होता तो प्रश्न तोंडातच, निदान यांना उद्याची आशा तरी होती.

आठवडाभराने संध्याकाळी दवाखान्यात त्यांना न्यायला गेले. शेवटचा पेशंट गेला होता. बाबा हात पुसत म्हणाले, “तिथे खूश आहे का तो?”

“आहे,” मी म्हटलं. “खूप.”

त्यांनी टॉवेल खुंटीला लावला. “पवारांच्या सूनबाई डॉक्टर आहेत ना, दवाखाना चालवायला द्याल का म्हणून मागे दोनदा येऊन गेल्या. मी त्यांना थांबा म्हटलं होतं.” मग चष्मा काढून माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्यांना फोन लाव. म्हणावं, उद्यापासून या.”