साहेबांचे दात

आमच्या साहेबांनी आयुष्यभर माती चावून पोट भरलं. इंग्लंडमधल्या कोळशाच्या गावात वाढलेले, वडील खाणीत. स्वतः भूगर्भशास्त्र शिकले आणि तरुणपणीच ऑस्ट्रेलियात आले. उमेदीची वर्षं वाळवंटातल्या खाणींवर काढली, मग सिडनीभोवतीचे डोंगरउतार तपासायला लागले. सिडनीतल्याच पॅरामॅटाच्या ऑफिसात मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा पहिल्याच साइटवर त्यांनी मातीची चिमूट पुढच्या दातांत धरली आणि एक मलाही दिली. न धुतलेल्या भाजीसारखी कच लागली तर सिल्ट, म्हणजे गाळाची माती; लोण्यासारखी गुळगुळीत लागली तर चिकणमाती, म्हणजे क्ले. लॅबचा रिपोर्ट यायला आठवडा लागतो, दातांचा तिथल्या तिथे. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "म्हणजे पहिल्याच दिवशी माती खाल्लीस!" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

गेल्या वर्षी पाऊस लागून राहिला आणि एका घरामागच्या उताराला भेग पडली. आम्ही दोघं गेलो. घरात एक बाई आणि तिची दोन लहान मुलं. भेगेत राखाडी मातीचा थर दिसत होता. सिल्ट असेल तर पाणी झिरपून जाणार, माणसं घरात राहू शकणार. क्ले असेल तर तो थर ओल्या साबणासारखा सरकणार आणि वरचा सगळा उतार घरावर येणार.

साहेबांनी चिमूट चावली. दुसरी चावली. त्यांना इतका वेळ कधीच लागत नसे.

"सिल्ट," ते शेवटी बाईला म्हणाले. "राहा घरात. नो वरीज."

सवयीने मीही चिमूट तोंडात टाकली होती. कच नव्हती. पुन्हा चावली, तरी नाही. साहेबांचं म्हणणं मी कधी खोडून काढलं नव्हतं. माझं चुकलं तर लेकरांसकट एका बाईला भर पावसात घराबाहेर काढल्यासारखं होणार. आणि बोललेच नाही तर? पुढचा विचार करवेना. ती सुटल्यासारखी हसून आत निघालीसुद्धा.

"मला क्ले वाटतेय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "शुअर?"

"हो."

ते बाईकडे वळले. "ही क्ले म्हणतेय. मुलांना घ्या आणि आत्ताच निघा."

गाडीत बसल्यावर त्यांनी पुढच्या दातांवर नखाने टकटक केलं. "नवे बसवलेत, मेट. काही म्हणजे काही कळत नाही. रंगावरून बोललो." मला संताप आला. मग त्यांनी गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि तो संतापही धड टिकेना.

उतार कोसळला नाही. बाईचे फोन मात्र रोज येत होते, कधी परत येऊ, उगाच बाहेर काढलंत का. मी दिवसातून दोनदा लॅबला फोन करत होते. अखेर रिपोर्ट आला. क्ले. उताराला आधार दिल्यावर ती माणसं घरी गेली.

साहेब आता मातीला तोंड लावत नाहीत. चिमूट माझ्यापुढे धरतात आणि मी म्हणेन ते लिहून घेतात. परवा हसत म्हणाले, "हल्ली मला छान झोप लागते." मला नाही लागत. पाऊस सुरू झाला की उठून बसते आणि ज्यांना ज्यांना मी 'राहा' म्हटलंय, त्यांची घरं एकेक करून आठवते. इतकी वर्षं पावसात मी गाढ झोपत होते, कारण जागं राहायचं काम त्यांचं होतं.