दोन मिलिमीटर

गोदामात तिला सगळे नखुबाई म्हणत, कारण कुठलाही सुटा भाग ती नखाने चाचपल्याशिवाय कुणाच्या हातात देत नसे. नौदलाच्या त्या गोदामात तिची एकोणतीस वर्षं गेली, त्यातली बावीस एकाच वर्गाच्या सहा फ्रिगेट जहाजांचे भाग सांभाळण्यात.

सहाही जहाजं एकाच आराखड्यावरची. पण चौथं बांधताना गोदीत संप झाला, ते अर्धवट अवस्थेतच ओढून दुसऱ्या गोदीत नेलं, आणि तिथे त्याला वेगळे पंप बसले. आग विझवायच्या पंपाचं रबरी सील बाकीच्या पाचांपेक्षा दोन मिलिमीटर जाड. नुसतं बघून कळायचं नाही.

नवा साहेब आला आणि याद्या संगणकावर चढल्या. सहा जहाजं, एकच सील, एकच क्रमांक. तिने दोनदा लेखी कळवलं. तिसऱ्यांदा कागद घेऊन स्वतः गेली.

"बाई, कंपनीच्या यादीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

"चौथ्या जहाजापुरतं, हो."

साहेबाने तोही कागद न वाचता, आधीच्या दोघांवर खणात सारला. जाड सीलांचे खोके भंगारात गेले. पुढे चौथ्या जहाजाची मागणी आली तेव्हा पातळ सील तिच्याच हातून गेलं. जहाज सुटायला दोन तास होते, साहेब फोनवर खेकसत होता. तिने सही केली.

सात महिन्यांनी त्या जहाजाच्या इंजिनखोलीत आग लागली. तिचा धाकटा भाऊ तिथे मेकॅनिक होता. इस्पितळात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले.

"ताई, पंप चालू होता गं. आवाज येत होता. सगळं पाणी सीलमधूनच बाहेर, नळीला धारच नाही."

तिच्या अंगाची लाही लाही झाली.

चौकशीत साहेब शांतपणे म्हणाला, "चुकीचा भाग गोदामाने दिला. सही यांची आहे."

"सही माझीच!" ती उभी राहून कडाडली. "आणि तुमचा खण? उघडा ना तो! तीन कागद आहेत त्यात, एकाची तरी घडी मोडलीय का बघा!"

"बाई, खाली बसा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही बसत. आधी कागद आणा."

कागद आणले. घडी तशीच होती. साहेबाची बदली झाली, तीही चांगल्या जागी. तिला सहीबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती तिने तिथेच टराटरा फाडली, तेव्हा दुसरी आली.

त्या संध्याकाळी इस्पितळात तिने हे सगळं भावाला तावातावाने सांगितलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "मग सही का केलीस?"

त्याने मान भिंतीकडे वळवली. इस्पितळातून सुटल्यावर तो तिच्याकडे राहायला गेला नाही, मोठ्या भावाकडे गेला.