उरवड्याच्या डोंगरात, कोळशाच्या भट्टीवर

पौष महिन्यात डॉक्टरीणबाईंबरोबर मी पुण्याहून पौडच्या एसटीत बसले. दवाखान्यातल्या आयाच्या कामातून मी नुकती मोकळी झाले होते आणि बाईंना सोबत हवी होती. उरवड्याच्या डोंगरातल्या कातकरी वाडीतली एक बाई आरोग्याच्या शिक्षणासाठी मिळवायची होती. तिनं पौडला वर्गात बसायचं, मग वाडीतली आजारपणं पाहून आम्हाला कळवायची. गेल्या पावसाळ्यात तिथं जुलाबानं दोन मुलं दगावली आणि पुण्यात कुणाला पत्ताही नव्हता. या खेपेला बाई मिळाली नाही, तर वर्गातली ती जागा दुसऱ्या गावाला जाणार होती.

भुकूमपर्यंत बाई खूप बोलत होत्या. पुढे खड्डे लागले, तशा समोरचा दांडा घट्ट धरून बसल्या. पिरंगुटला उतरून चालत निघालो. शेतात काम करणाऱ्या एका बाईनं न मागता हरभऱ्याचे डहाळे हातात दिले. ते खात वाडीत पोचलो, तर झोपड्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. एक म्हातारा तेवढा कोंबड्या राखत होता. तो म्हणाला, दिवाळी झाली की सगळी वाडी कोळसा पाडायला भट्ट्यांवर जाते, पावसाच्या तोंडाला परतते. बाईंचं तोंड उतरलं. रस्ते कोरडे असतात म्हणून आमच्या पुण्याच्या कचेरीनं वर्ग पौषात धरला होता. मी म्हटलं, आलोच आहोत तर भट्टीवर जाऊ.

चढ वाईट होता. बाईंची चप्पल तुटली. भट्टी म्हणजे लाकडं रचून वर पाला-माती लिंपलेला ढिगारा, आतून धुमसणारा. ठकी नावाची तरणी बाई राखणीला होती. तिनं करांदे (डोंगरातले कंद) उकडून दिले. मला कडू लागले. बाईंनी पाच खाल्ले.

बाईंनी शिकायचं विचारलं. दगावलेलं एक पोर ठकीच्या बहिणीचं होतं. शिकायचं तिच्या मनात होतं, पण भट्टी सोडता येत नव्हती. मातीला भेग पडली की आत जाळ होतो आणि कोळशाची राख.

"मग कधी जमेल तुला?" बाईंनी विचारलं.

"आखाडात. तवा आमी वाडीतच असतोय. तुमीच नसताय."

पावसात तो रस्ता चालण्याजोगा नसतो, असं बाई म्हणाल्या.

"आमाला चालतोय की. ह्या म्हातारीलाबी चालंल," ठकी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "तुमचं काय ते बगा."

मी हसले, मग बाईही हसल्या. जाण्याआधी निदान मीठ-साखरेचं पाणी शिकवते म्हणून त्यांनी सुरुवात केली, तोच भट्टीला भेग पडली. तिघींनी मिळून ओली माती थापली. बाईंचं पांढरं लुगडं काळं झालं.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, कोळशाचं पोतं कुठंय. बाईंचं लक्ष नव्हतं. कचेरीत काय बोलायचं, ते त्या मनात जुळवत होत्या.

त्या चांगल्या भांडल्या. आखाडात वर्ग वाडीतच भरला. ठकी आली, आणखी तिघींना घेऊन आली. बाई वाटेत दोनदा चिखलात आपटल्या, तरी त्यांनी एकही वर्ग चुकवला नाही.

घरातल्या लग्नाची तारीखसुद्धा आपण भावकीला विचारून धरतो. वाडीला तेवढं विचारायला आम्हाला डोंगर चढावा लागला.