आईने शिवलेली मोठी गोधडी

गोधड्या उन्हात घातल्या की त्यांच्या घड्यांत ठेवलेल्या सुक्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास येतो, आणि मला बेलापूरच्या आमच्या ख्रिस्ती देवळाची ओसरी दिसते.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. मिशनच्या दवाखान्यात नर्स असलेली माझी शांतामावशी तिथल्या पोरक्या मुलांच्या छावणीत निघाली होती. मंडळीतल्या बाया ओसरीवर बसून तिच्यासोबत द्यायला गोधड्या शिवत होत्या. आई मात्र ओसरीवर फिरकली नाही. "तिकडं अजून मानसं मारत्यात, जाऊ नको," एवढंच ती बहिणीला बोलली होती.

निघायच्या दिवशी आई काखेत गोधडी घेऊन आली. मावशीने ती उलगडली, तर अर्धी ओसरी झाकली गेली.

"ताई, मला एकटीला ही लई मोठी हाय."

"पोरं तुला एकटीला निजू देनार हायेत व्हय?" आई तिच्याकडे न बघताच म्हणाली.

तेव्हा मला आई रुसलेलीच वाटली. एवढी गोधडी एका दिवसात होत नाही, हे स्वतः सुई धरल्यावर कळलं.

मावशी सुखरूप परतली, पण गोधडी तिकडेच ठेवून. आईने देवाचे आभार मानले आणि दुसरी शिवायला घेतली, तेवढीच मोठी.