यानातलं स्वयंपाकघर

चष्मे दुरुस्त करणाऱ्या आमच्या काकांना अंतराळयानं बनवायचा नाद होता. नाद कसला, वेडच. खेळण्यातल्या रणगाड्यांचे आणि विमानांचे उरलेले सुटे भाग, पेनांची टोपणं, दाढीच्या मोडक्या मशीनची जाळी, असलं काहीबाही चिकटवून त्यावर करडा रंग मारला, की हातभर लांबीचं यान तयार व्हायचं. अशी बावीस यानं कपाटावर होती.

तेविसावं संपत आलं, तेव्हा आजीने, म्हणजे त्यांच्या आईने, पहिल्यांदाच ते हातात घेऊन नीट पाहिलं.

"यातली माणसं किती दिवस प्रवास करतात रे?"

"वर्षानुवर्षं, आई."

"मग जेवतात कुठे?"

काकांनी कपाटावरची यानं एकेक करून पाहिली. तोफा होत्या, इंजिनं होती, पण स्वयंपाकघर एकाही यानात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यानाचं पोट कापलं. टिचबटणांची शेगडी केली, चष्म्याच्या इवल्या स्क्रूंचे डबे मांडले.

"ओटा खिडकीपाशी घे, उजेड लागतो," आजी शेजारी बसून सांगत होती. काकांनी मुकाट्याने ओटा हलवला आणि खिडकीला जुन्या चष्म्याच्या काचेचा तुकडा बसवला.

पुढे ते यान हौशी कारागिरांच्या एका प्रदर्शनात मांडलं, तेव्हा लोक त्या खिडकीला डोळा लावून खो खो हसत होते. काकांना कुठे तोंड लपवू असं झालं होतं. आजी मात्र टेबलाशी खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येकाला बजावत होती, "काचेला बोटं लावू नका. आत स्वयंपाक चाललाय."